टेलीकास्टरवरच्या तिरक्या पितळी सॅडल: आठ महिन्यांनंतर

माझ्या टेलीकास्टर घाटाच्या इलेक्ट्रिक गिटारवर मूळच्या तीन सरळ सॅडल, म्हणजे तारांची मागची टोकं टेकतात ते सरकते तुकडे, होत्या. डिसेंबरात त्या काढून तिरक्या कापाच्या पितळी बसवल्या. त्याआधी एका दुकानात 'सेटअप'चे पैसे मोजून आलो होतो. गिटार परत आली ती नव्या तारा आणि बाराव्या फ्रेटवरचं (पडद्यावरचं) तेच बेसूर वाजणं घेऊन. मग ठरवलं, आपणच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा.

दुखणं असं की सहा तारा आणि सॅडल तीनच, म्हणजे दोन तारांचा एका सॅडलवर संसार. 1950 साली हा ब्रिज (सॅडल बसवलेली पट्टी) आला तेव्हा 'जी' (G) तारही वेढ्यांची, म्हणजे वर बारीक तार गुंडाळलेली, असायची, त्यामुळे फारसं बिघडत नसे. आजच्या 10-46 सेटमध्ये (सर्वांत बारीक तार 0.010 इंच, सर्वांत जाड 0.046) 'जी' साधी, बिनवेढ्याची असते. तिला शेजारच्या 'डी' (D) तारेपेक्षा बरीच जास्त लांबी लागते, पण सरळ सॅडलवर दोघींना एकच माप. माझ्याकडे बाराव्या फ्रेटवर 'जी' 9 सेंट चढी, तर 'डी' 5 सेंट उतरी (सेंट म्हणजे लगतच्या दोन फ्रेटमधल्या अंतराचा शंभरावा भाग). एकीला सुरात आणलं की दुसरी रुसणार.

सतारीचा पडदा सरकवता येतो. गिटारचा फ्रेट ठोकून बसवलेला, म्हणून इथे तारेचं टोक सरकवायचं. मोकळी तार ट्यूनरवर सुरात घ्या, मग बाराव्या फ्रेटवर नेहमी वाजवता तेवढ्याच जोराने दाबून पाहा. सूर चढा लागला तर सॅडल मागे, उतरा लागला तर नेककडे (गिटारच्या दांड्याकडे). मागचा स्क्रू आवळला की सॅडल मागे येते. दर वेळी तार पुन्हा सुरात घेऊनच तपासायचं. आणि आधी तार सैल करा हो! मी ताणलेल्या तारेवरच स्क्रू पिळला आणि त्याचं डोकं घासून बसलो. नेकचा बाक आणि तारांची उंची आधी, इंटोनेशन, म्हणजे ही सॅडल सरकवून सूर जुळवणं, सगळ्यात शेवटी. जुन्या तारांवर तर हा खटाटोप करूच नका.

नव्या सॅडलवर जी आणि डी दोन्ही 2 सेंटच्या आत आल्या. वरच्या फ्रेटवर दोन तारा एकत्र छेडल्या की पूर्वी आवाज लहरत असे, तो आता स्थिर राहतो. आवाजात 'पितळेचा गोडवा' वगैरे आला का? मला तरी ऐकू आला नाही.

तरीही मोकळा ई मेजर कॉर्ड कानाला खुपतच होता. ताई गाणं शिकते. तिने एकदा ऐकलं आणि म्हणाली, "अरे, तुझा गांधार चढा लागतोय." बरोबर होतं तिचं. ई चा गांधार जी तारेच्या पहिल्या फ्रेटवर येतो, आणि माझ्या नटची (दांड्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच उथळ असल्याने तिथे तार जास्त दाबावी लागायची. तो दोष ब्रिजवर कितीही स्क्रू फिरवले तरी जाणार नव्हता. खाच बारीक कानशीने खोल केल्यावर निम्मी तक्रार मिटली. उरलेली मिटणार नाही, कारण बारा समान भागांच्या सप्तकात हा गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढाच असतो. ताईला हे समजावलं. "म्हणून पेटीही तशीच वाजते होय," एवढं म्हणून ती रियाजाला बसली.

जुलैच्या दमट हवेत नेकचा बाक वाढला, तारा वर गेल्या आणि सगळ्याच किंचित चढ्या झाल्या. ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक जुळवणारी सळई) पाव फेरा आवळल्यावर पुन्हा जागेवर आल्या, सॅडलना हात लावावा लागला नाही. खटकतं ते एवढंच, की उंचीचे स्क्रू वर डोकावतात आणि तळहाताने तारा दाबून वाजवताना टोचतात. मी छोटे आणून बदलले. अकराचा (0.011 इंचापासूनचा, जाड तारांचा) सेट लावणार असाल तर मात्र सगळं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून.