हप्ते फिटले, आता आरसीवरचा बोजा कोणत्या वाटेने उतरवायचा?

बाइकचा शेवटचा हप्ता गेला, कर्ज खातं बंद झाल्याचा मेसेज आला, की बहुतेक जण तिथेच थांबतात. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव, म्हणजेच कर्जाचा बोजा, मात्र तसंच राहतं. ते आपोआप जाईल असं धरून चालू नका. गाडी विकताना ते आडवं येतं, आणि गाडी चोरीला गेली तर विम्याच्या दाव्यातही. त्यामुळे ‘विकताना बघू’ हा पर्याय मी इथे मोजतच नाही. एनओसी, म्हणजे बोजा काढायला हरकत नसल्याचं कंपनीचं पत्र, तिची मुदत बहुधा तीन महिन्यांची असते. ती उलटली की पुन्हा कंपनीच्या मागे लागणं आलं.

वाट कुठलीही धरा, आधी कंपनीकडून एनओसी आणि बोजा काढण्यासाठीचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हवा. त्यावरचा चासी नंबर आणि नावाचं स्पेलिंग तिथेच आरसीशी ताडून घ्या. अर्ज अडकतात ते अशाच चुकांवर. कंपनी टोलवत असेल तर लेखी मागणी करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत देणं आणि नोंदलेला बोजा काढणं बंधनकारक आहे. वाहनकर्जही त्यात येतं. कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. पत्रात हे जरूर लिहा.

आता घरबसल्या की नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत? परिवहनच्या पोर्टलवर आधार वापरून केलेला अर्ज घरूनच पूर्ण होऊ शकतो. केंद्राने मार्च २०२१ मध्ये अशा १८ सेवा जाहीर केल्या, त्यात बोजा उतरवणंही आहे. आधारला मोबाइल जोडलेला असेल आणि आधारवरचं व आरसीवरचं नाव जुळत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी हेच करून पाहा. सातपूर-अंबडला शिफ्ट करणाऱ्याचा एक खाडा वाचतो, आणि सिन्नर किंवा इगतपुरीहून येणाऱ्याचा तर अख्खा दिवस.

नाव जुळत नसेल, मोबाइल नंबर जुना असेल, किंवा गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर पंचवटीतल्या पेठ रोडच्या आरटीओत स्वतः गेलेलं बरं. अर्ज आणि फी तेव्हाही आधी पोर्टलवरच भरायची असते. कार्यालयात जायचं ते त्याची प्रिंट, आरसी, विमा, पीयूसी आणि कंपनीचे कागद घेऊन. समोर बसलेला माणूस काय कमी आहे ते तिथल्या तिथे सांगतो. ऑनलाइन अर्ज परत आला तर कारण एका ओळीत येतं, आणि त्यावरून नेमकं काय चुकलं हे कळेलच असं नाही. गाडी एमएच ४१ असेल तर मात्र पेठ रोडला येऊ नका, तुमचं कार्यालय मालेगाव.

राहिला एजंट. तोही अर्ज त्याच पोर्टलवर भरतो; त्याचे पैसे म्हणजे तुमच्या वाचलेल्या वेळेची किंमत. वयस्कर माणसाला किंवा सुट्टीच मिळत नसलेल्याला ती परवडू शकते. पण अर्जात मोबाइल नंबर तुमचाच टाकायला सांगा, नाहीतर ओटीपी आणि पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात आणि अर्ज कुठवर आलाय हेही त्यालाच विचारावं लागतं. सरकारी फीची पावती वेगळी मागा. मूळ एनओसी देण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

गाडी लगेच विकायची असेल, तर ग्राहकाकडून पूर्ण पैसे घेण्याआधी बोजा उतरलेला असू द्या. नाव हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० त्यानंतर.

नवी आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवा आणि पॉलिसीवरचंही फायनान्स कंपनीचं नाव काढून घ्या. त्यासाठी एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, मागायची असते. आरटीओतली नोंद बदलली म्हणून पॉलिसी बदलत नाही.