पिवळं कार्ड आणि चौदा हजारांचं किट

निवृत्तीनंतर पाच आठवडे युगांडात, जिंजाजवळच्या एका शाळेत गणित शिकवायला जायचं ठरलं. ओळखीतून एक एजंट मिळाला. "ताई, तुम्ही फक्त बॅग उचला, बाकी सगळं माझ्याकडे," म्हणाला. आयुष्यभर पोरांना 'उत्तर पडताळून पाहा' म्हणत आले आणि इथे मात्र हिशेब न विचारता चौदा हजार रुपये पाठवले. त्यात मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, अडॅप्टर आणि यलो फीवरची (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची) लस 'कार्डासकट', म्हणजे लस घेतल्याच्या पिवळ्या प्रमाणपत्रासकट, असं किट होतं.

लस ठाण्यातल्या एका गल्लीतल्या दवाखान्यात दिली. डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाने फ्रीजमधून पातळ औषध भरलेली सिरिंजच काढली आणि दंडात टोचली. वय विचारलं नाही, आजार विचारले नाहीत, पासपोर्टही मागितला नाही. पिवळ्या कार्डावर शिक्का मारून दिला. पाच मिनिटांत मोकळी! मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

निघायला पाच दिवस होते. दिवाणावर सामान मांडून मी यादीवर खुणा करत होते. सूनबाई कागद पारदर्शक फोल्डरमध्ये भरत होती. ती म्हणाली, "आई, या कार्डावर पासपोर्ट नंबरच नाहीये. आणि मुदत दहा वर्षं का लिहिलीय?" तिने फोनवर शोधलं, तर ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी धरलं जातं. माझं कार्ड त्या आधीच्या जमान्यातलं!

दुसऱ्या दिवशी मुंबईतलं सरकारी केंद्र गाठलं. तिथल्या सिस्टरने कार्ड उलटंपालटं केलं. "मावशी, हे आमच्याकडचं नाही, कुठल्याच केंद्राचं नाही. ही लस फक्त सरकारने ठरवलेल्या केंद्रांतच मिळते." यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, म्हणजे घरबसल्या दोन मिनिटांचं काम होतं. मग तिने वय विचारलं. मी एकोणसाठ म्हटल्यावर थांबली. साठीनंतर डॉक्टर जास्त विचार करून देतात म्हणे. अंड्याची ॲलर्जी आहे का, तेही विचारलं, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. खरी लस पावडर असते. माझ्यासमोर तिने त्यात द्रावण मिसळलं. एकदा मिसळली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून ठरावीक दिवशी पाच-दहा जणांना एकत्र बोलावतात. एकट्यासाठी आधीच भरून ठेवलेली सिरिंज म्हणजे त्या गल्लीत मला नेमकं काय टोचलं, देव जाणे. फी तीनशे रुपये.

घोळ एवढ्यावर संपला नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि विमान चार दिवसांवर. तिकीट पुढे ढकललं, आठ हजार सातशेचा फटका. खोट्या कार्डावर गेले असते आणि परतताना पकडलं असतं, तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आणि खरोखर यलो फीवर झालाच असता, तर त्यावर खास औषध नाही.

एजंटला फोन केला. "ताई, सगळे असंच करतात, कोण बघतं?" त्यानंतर नंबर लागला नाही. दवाखान्याला कुलूप. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

मग किट पुन्हा उघडून पाहिलं. अडॅप्टर दोन गोल पिनांचा; युगांडात तीन चौकोनी पिना लागतात, ब्रिटनसारख्या. गोळ्यांच्या पाकिटावर कालबाह्यतेची तारीखच नव्हती, त्या फेकल्या आणि आमच्या डॉक्टरांकडून नव्या लिहून घेतल्या. लष्करी रंगाचं जॅकेटही त्याने 'फ्री' दिलं होतं, जे तिकडे सामान्य माणसाने घालणं गुन्हा आहे! व्हिसा ५० डॉलरचा, ऑनलाइन आपला आपण काढता येतो. तोही मी त्याच्याकडूनच काढला, किती जास्त गेले ते लिहीत नाही, सूनबाई वाचते.

मच्छरदाणीला औषध लावलेलं नव्हतंच. ती आता गच्चीवर कुरडयांवर टाकली आहे.