टीसीएस परत मिळतो, युरोच्या दरातला फरक मिळत नाही: पुण्यातून जर्मनीला पैसे पाठवतानाचा अनुभव

लेक ऑक्टोबर 2025 पासून जर्मनीत मास्टर्स करतेय. जुलै 2025 पासून आम्ही तिला इथून पैसे पाठवतोय. कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांतली मुलं बाहेर आहेत, आणि भेटेल तो पहिला प्रश्न विचारतो, "वीस टक्के कापतात म्हणे?" टीसीएसची, म्हणजे बाहेर पैसे पाठवताना बँक जो कर आधीच कापून सरकारजमा करते त्याची, ही भीती खूप खोल बसलेली आहे आणि ती बरीचशी अपुऱ्या माहितीतून आलेली आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी नियम. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. 2004 साली योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा 25 हजार डॉलर होती. या पैशांवर टीसीएस लागू झाला 1 ऑक्टोबर 2020 पासून, आणि ऑक्टोबर 2023 पासून शिक्षण-उपचार सोडून बाकीच्या बहुतेक कारणांसाठी तो 20 टक्के झाला. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत काहीच कापत नाहीत, आधी ही सूट 7 लाखांपर्यंत होती. कापतात ते फक्त वरच्या रकमेवर: शिक्षणासाठी 5 टक्के (1 एप्रिल 2026 पासून 2), घरखर्च किंवा भेट म्हणून पाठवले तर 20 टक्के. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर आता शून्य.

ही 10 लाखांची मर्यादा पॅनवर मोजली जाते. तीन बँकांतून थोडे थोडे पाठवले तरी बेरीज एकच धरतात, आणि सगळ्या कारणांची मिळून एकच. आई आणि वडील यांचे पॅन मात्र वेगळे, म्हणून मर्यादाही वेगळ्या. आमच्याकडे ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी जर्मनीतल्या खात्यात आधीच भरून ठेवायचे) पैसे माझी एफडी मोडून एकरकमी गेले, आणि नंतरची घराची अनामत, हिवाळ्याचे कपडे, लॅपटॉप वगैरे सगळं नवऱ्याच्या खात्यातून. त्याच्या पॅनवर आजवर एक रुपयाही टीसीएस लागलेला नाही.

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. रुपयांत ते 12 लाखांच्या आसपास गेले. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी फी नाही, म्हणजे ही सगळी रक्कम राहण्या-खाण्याची. इथेच पहिली अडचण आली. ज्या बँकेत गेले तिथल्या काउंटरवर सांगितलं की हे विद्यापीठाला जात नाहीये, म्हणून शिक्षण नाही, कुटुंबाचा निर्वाह या कोडखाली जाईल. फरक लक्षात घ्या: 10 लाखांवरच्या 2 लाखांवर 5 टक्के म्हणजे 10 हजार, 20 टक्के म्हणजे 40 हजार. सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) 30 जून 2023 च्या परिपत्रकात (क्रमांक 10) स्पष्ट लिहिलंय की शिक्षणात फीबरोबर प्रवासाचं तिकीट आणि शिकताना लागणारा रोजचा खर्चही येतो. मी त्याची प्रिंट, प्रवेशपत्र आणि लेकीचा पासपोर्ट घेऊन मॅनेजरना भेटले. त्यांनी वाचलं, हेड ऑफिसला फोन केला आणि शिक्षणाचं कोड लावलं. ए-टू फॉर्मवर (बाहेर पैसे पाठवण्याच्या बँकेच्या अर्जावर) सही करण्याआधी कारणाचं कोड स्वतः वाचा. एकदा टीसीएस कापून सरकारजमा झाला की बँक तो उलटा फिरवत नाही.

आणखी एक, टीसीएस पाठवायच्या रकमेतून वजा होत नाही, खात्यातून वेगळा जातो. तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर व्यवहार अडतो.

आता तो परत मिळतो का? मिळतो. हा तुमच्याच प्राप्तिकरातला आगाऊ भाग आहे. मी नोकरी करते. ऑक्टोबर 2024 पासून पगारदारांना कापलेला टीसीएस ऑफिसला कळवता येतो, त्यासाठी तेव्हा 12बीएए नावाचा फॉर्म होता. बँकेकडून 27डी सर्टिफिकेट (टीसीएस कापल्याचा दाखला) घेतलं, 26एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा कराच्या सरकारी नोंदीत) रक्कम दिसतेय हे पाहिलं आणि फॉर्म एचआरला दिला. त्यांना या फॉर्मची कल्पना नव्हती, दोनदा समजवावं लागलं. पण नोव्हेंबरच्या पगारापासून टीडीएस (पगारातून कापला जाणारा कर) कमी झाला आणि डिसेंबर संपेपर्यंत कापलेले सगळे पैसे माझ्या हातात आले. ही सोय मला मनापासून आवडली. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आहे, तेव्हा यापुढे अर्ज करताना फॉर्मचा चालू नंबर विचारून घ्या.

जे परत आलं नाही त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. बँकेचा युरोचा दर. शाखेत जो छापील कार्ड रेट सांगतात तो बाजारभावापेक्षा त्या दिवशी जवळपास 2 रुपयांनी चढा होता. 11,904 युरोंवर प्रत्येक रुपयाच्या फरकाला 11,904 रुपये जातात, म्हणजे 2 रुपयांत 23 हजारांहून जास्त. टीसीएसच्या दुपटीहून अधिक, आणि हे पैसे कोणत्याही रिटर्नमध्ये मागता येत नाहीत. मी रक्कम सांगून डील रेट, म्हणजे मोठ्या रकमेसाठी बोलून ठरवायचा दर, मागितला, दुसऱ्या बँकेचा भाव दाखवला, आणि फरक 60 पैशांवर आला. तुळशीबागेत घासाघीस करणारे आपण बँकेत मात्र छापील कागद बघून गप्प बसतो. कृपया बसू नका, तिथेच खरे पैसे वाचतात. चलन बदलण्यावरचा जीएसटी 12 लाखांना हजाराच्या आसपास येतो, त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही. मधल्या बँकेचे चार्जेस कोण भरणार ते मात्र आधी ठरवा, नाहीतर पोचणारी रक्कम 11,904 च्या खाली येते आणि ब्लॉक्ड अकाउंट अपुरं राहतं.

माझं हे सगळं सोपं झालं कारण माझ्या पगारातून टीडीएस जातो. शेजारच्या विंगमधल्या निवृत्त शिक्षक काकांचं तसं नाही. मुलाला कॅनडात घर घेताना मदत म्हणून त्यांनी एप्रिल 2025 मध्ये 14 लाख पाठवले. वरच्या 4 लाखांवर 20 टक्के, 80 हजार रुपये. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंत उत्पन्नाला कर लागत नाही, काकांचं पेन्शन आणि व्याज त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे एक रुपयाही कर न लागणाऱ्या माणसाचे 80 हजार वर्षभराहून अधिक काळ सरकारकडे पडून. आर्थिक वर्ष संपेल, मग ते रिटर्न भरतील, मग रिफंड. काकूंच्या पॅनवरून 4 लाख गेले असते तर हे टळलं असतं, पण काकूंच्या नावावर तेवढी ठेवच नाही. पैसे कुठे जातात हे सरकारला कळायला हवं, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी पॅन आणि 1-2 टक्के पुरेसे आहेत. 20 टक्क्यांचा भार सगळ्यात जास्त त्यांच्यावर पडतो ज्यांना कर लागतच नाही, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

2026 च्या अर्थसंकल्पात शिक्षण आणि उपचारासाठीचा दर 5 वरून 2 टक्के केलाय, 1 एप्रिल 2026 पासून. काकांसारख्यांचे 20 टक्के तसेच आहेत.

बरेच जण याची अमेरिकेतल्या नव्या कराशी गल्लत करतात. तो 1 टक्का तिथून बाहेर पैसे पाठवणाऱ्यांवर आहे, जानेवारी 2026 पासून, आणि तोही रोख किंवा मनी ऑर्डरसारख्या मार्गांनी पाठवल्यास. तिथल्या बँक खात्यातून आईवडिलांना पैसे येत असतील तर त्याची काळजी नको.

लेकीच्या दुसऱ्या वर्षाचे पैसे आम्ही एप्रिलनंतर दोघांच्या पॅनवरून निम्मे निम्मे पाठवणार आहोत. काकांचं रिटर्न भरायला मी बसणार आहे. त्यांचं 27डी सर्टिफिकेट आत्ताच बँकेतून आणून ठेवलंय.