दोन टीबीच्या पेनड्राइव्हने माझी नऊ नाटके गिळली

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण ज्याने आयुष्यातील एकतीस वर्षे बँकेत कागद तपासण्यात घालवली त्याने आठशे नव्याण्णव रुपयांच्या वस्तूपायी असे फसावे, हे चारचौघांत सांगण्याची लाज वाटत होती. परंतु गेल्या आठवड्यात आमच्याच गावातील एका शिक्षिकेने अगदी तशाच पाकिटातील तसाच पेनड्राइव्ह मुलीच्या लग्नाचे चित्रीकरण ठेवण्यासाठी मागवला असल्याचे कळले, आणि मग गप्प बसणे योग्य वाटले नाही.

मी तळकोकणातील एका तालुक्याच्या गावी राहतो. निवृत्तीनंतर, २०२१च्या कार्तिकापासून सलग तीन हंगाम, आसपासच्या जत्रांमधील दशावतारी नाटके मी स्वतःच्या हँडीकॅमवर चित्रित केली. रात्री नाटकाआधी संकासुराचे सोंग येऊन जाण्यापासून पहाटे शेवटी होणाऱ्या दहीकाल्यापर्यंत थंडीत कॅमेऱ्याच्या तिकाटण्याजवळ उभे राहणे काय असते, ते ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. एकूण नऊ नाटके झाली. आमचा कॅमेरा लांबलचक चित्रीकरणाचे चार-चार जीबीचे तुकडे करतो. असे अडुसष्ट तुकडे, मिळून २६८ जीबी. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, कॅमेऱ्याची कार्डे पुढच्या हंगामासाठी मोकळी करायची होती, म्हणून १० ऑगस्ट २०२४ रोजी मोबाइलवर दिसलेल्या एका जाहिरातीवरून मी २ टीबीचे, म्हणजे दोन हजार जीबीचे, दोन पेनड्राइव्ह मागवले. प्रत्येकी ८९९ रुपये, घरपोच पोहोचवण्याचे ८० रुपये, असे १,८७८ रुपये मी कुरिअरच्या मुलाच्या हातात रोख दिले. दोन का, तर एक प्रत खराब झाली तरी दुसरी राहावी म्हणून. मी निष्काळजीपणा केला असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की दोन प्रती ठेवण्याचा शहाणपणा माझ्यापाशी होता. दोन्ही प्रती एकाच चोराच्या मालावर ठेवल्या, ही चूक झाली.

ही फसवणूक कशी चालते ते बहुतेकांना ठाऊक असेलच. आत ३२ जीबीसारखी छोटी, स्वस्त चिप असते आणि ती चालवणाऱ्या नियंत्रकात फेरफार करून संगणकाला २ टीबी असल्याचे खोटे सांगितले जाते. फाइलींची यादी चिपच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, त्यामुळे नाव, तारीख, आकार सगळे जागच्या जागी दिसते. खरी जागा संपल्यानंतर लिहिलेला मजकूर मात्र कुठेच जात नाही. काही पेनड्राइव्ह तो आधीच्याच मजकुरावर लिहून जुनेही नष्ट करतात. संगणक एकदाही तक्रार करत नाही.

आता त्या क्षणाबद्दल लिहितो, कारण तो आठवला की अजूनही हात थरथरतात. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तेव्हा क्षमता दिसली १.९५ टीबी. कंपन्या हजारच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीत, म्हणून खऱ्या २ टीबीच्या साधनावर विंडोज १.८१ टीबी दाखवते. हे मला माहीत नव्हते असे मुळीच नाही. माझ्या टेबलावरच्या जुन्या ५०० जीबीच्या हार्डडिस्कवर वर्षानुवर्षे ४६५ दिसते, आणि तो फरक कशामुळे पडतो हे मी स्वतः शाखेतील दोघा-तिघांना समजावून सांगितलेले आहे. असे असूनही १.९५ हा आकडा पाहून मला, ठरल्यापेक्षा कमी दिले नाही, याचे समाधान वाटले. ज्या आकड्याने चोर ओळखायचा त्याच आकड्यावरून मी त्याला प्रामाणिक ठरवले. पाकिटावर उत्पादकाचे नाव नव्हते, आयात करणाऱ्याचा पत्ता नव्हता, कमाल किरकोळ किंमत छापलेली नव्हती. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार हे सगळे छापणे बंधनकारक आहे, आणि तेही मला माहीत होते. भाच्याने तर पाकीट उघडतानाच विचारले होते, "मामा, एवढ्याशा काडीत दोन टीबी? आठशे रुपयांत?" मी त्याला किंग्स्टन कंपनीने २ टीबीचा पेनड्राइव्ह २०१७ सालीच जाहीर केल्याचे ऐकवले. ती गोष्ट खरीच आहे, परंतु तो धातूच्या आवरणाचा चांगला जाडजूड पेनड्राइव्ह होता आणि त्याच्या किमतीशी आठशे रुपयांचा काही संबंध नव्हता. एक टीबीचा खरा पेनड्राइव्ह आजही काही हजारांच्या खाली मिळत नाही.

दोन रात्री लॅपटॉप चालू ठेवून मी दोन्ही पेनड्राइव्ह भरले. प्रत्येकाला नऊ तासांहून अधिक वेळ लागला. सकाळी पहिले दोन तुकडे उघडून पाहिले, ते उत्तम चालले. दिवाणखान्यातील टीव्हीवरही चालले. अडुसष्ट नावे मोजली, अडुसष्ट भरली. त्यानंतर लॅपटॉपमधील फाइली पुसल्या आणि नोव्हेंबरात कार्डे फॉरमॅट केली. मी यादीतील शेवटची फाइल उघडून पाहिली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. तुम्ही तपासाल तेव्हा पहिली नव्हे, शेवटची आणि मधली फाइल उघडा, तीही पेनड्राइव्ह एकदा काढून पुन्हा लावल्यावर, कारण नुकतीच उतरवलेली फाइल लॅपटॉप स्वतःच्या स्मृतीतूनही दाखवू शकतो.

जानेवारी २०२५ मध्ये मी एका वयोवृद्ध कलावंतांच्या घरी गेलो. त्यांनी चाळीस वर्षे स्त्रीपार्ट केला. गुडघ्यांमुळे २०२३-२४चा हंगाम त्यांचा शेवटचा ठरला. "माका माझा काम येकदा बघूक होया," असे ते दोनदा म्हणाले होते. त्यांच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, त्यांच्या नाटकाचे नाव यादीत दिसले, आणि फाइल चालवता येत नाही असा संदेश आला. घरातील सगळी माणसे जमलेली होती. मी टीव्हीला दोष दिला.

घरी आल्यावर आठवडाभर मी जे केले ते इतरांनी अधिक हुशारीने करावे. टीव्हीवर व्हिडिओ न चालण्याची साधी कारणेही असतात: एच २६५ पद्धतीने साठवलेला व्हिडिओ जुन्या टीव्हीला कळत नाही, काही टीव्ही एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचत नाहीत, घाईने पेनड्राइव्ह ओढून काढल्यास शेवटची फाइल अर्धवट राहते. म्हणून तीच फाइल लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडावी. तिथे नीट चालली तर दोष टीव्हीचा समजावा. मला मात्र वेगळेच दिसले. पहिले सात तुकडे व्यवस्थित, आठवा बरोबर दहाव्या मिनिटाला थांबला, लॅपटॉप बदलला, पोर्ट बदलला, तरी त्याच सेकंदाला थांबला. नववा आणि त्यापुढचे सगळे उघडेचनात. दुसरा पेनड्राइव्ह लावला, तोही त्याच तुकड्याच्या त्याच सेकंदाला थांबला. दोन वेगवेगळी साधने एकाच जागी बंद पडतात तेव्हा तो बिघाड नसतो. सात चोक अठ्ठावीस आणि वर आठव्याच्या दहा मिनिटांचा एक, म्हणजे २९ जीबी. ३२ जीबीची चिप विंडोजमध्ये साधारण तेवढीच दिसते. हा हिशेब कागदावर मांडायला मला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत आणखी दोघांनी मला लुबाडले.

पहिली फसवणूक बिघडलेले व्हिडिओ दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची. त्याच्या मोफत चाचणीत साठ फाइली दुरुस्त होण्याजोग्या असल्याचे दिसले, म्हणून २,४९९ रुपये भरले; हाती आल्या त्या साठ रिकाम्या फाइली. जिथे सगळी शून्येच भरलेली आहेत तिथे दुरुस्त होण्याजोगे काही नसते, हे त्या सॉफ्टवेअरला पैसे घेण्यापूर्वीही कळत असणारच. दुसरी फसवणूक घाटावरच्या एका मोठ्या शहरातील डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानाची. चिप उघडावी लागेल, तपासणीचे शुल्क ४,५०० रुपये, ते परत मिळणार नाही, असे सांगून पैसे आगाऊ घेतले. एसटीने दोनदा जाण्या-येण्याचे ६२० रुपये वेगळेच. बारा दिवसांनी त्यांनी अडुसष्ट फाइली काढल्याचे सांगून एक फोल्डर दिले. नावे सगळी होती. नावे तर माझ्याकडे आधीपासूनच होती! ज्याचा हाच धंदा आहे त्याला पेनड्राइव्ह खोटा असल्याचे दहा मिनिटांत कळते. त्याने ते सांगितले नाही, कारण सांगितले असते तर साडेचार हजार मिळाले नसते. पैसे देण्यापूर्वी "खरी क्षमता तपासून लेखी द्या" एवढी एकच मागणी करा आणि समोरचा काय उत्तर देतो ते पाहा. माझे एकूण ९,४९७ रुपये गेले.

तपासण्याची साधने फुकट आहेत, हे मला शेवटी कळले. विंडोजसाठी एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकसाठी एफ-थ्री. ही पेनड्राइव्हवर ओळखीचा मजकूर लिहून तो परत वाचतात. संपूर्ण २ टीबी लिहायला माझ्या पेनड्राइव्हच्या वेगाने जवळजवळ तीन दिवस लागले असते, परंतु ५० जीबीच लिहून पाहण्याची सोय आहे, आणि तेवढ्यात २९ जीबीनंतर सगळे नष्ट असल्याचे माझ्यासमोर आले. वॅलिड्राइव्ह नावाचे साधन जागोजागी तपासून काही मिनिटांत निकाल देते. ही चाचणी पेनड्राइव्ह रिकामा असतानाच, पहिल्याच दिवशी करा.

आता तक्रारीबद्दल. पोलीस ठाण्यात मला पहिल्या दिवशी सव्वादोन तास बाकावर बसवले. नंतर एका अंमलदाराने अर्जावर नजर फिरवून विचारले, "काका, दोन्ही मिळून अठराशे रुपये ना? आणि नाटकं तुम्हीच पुसलीत?" मी म्हटले, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला किमान रकमेची अट कुठे आहे ते दाखवा. त्यावर मला सायबर शाखेकडे पाठवण्यात आले. सायबर शाखेने सांगितले की पैसे रोख दिलेले असल्याने हा ऑनलाइन व्यवहारच नाही, ठाण्यात जा. ठाण्याने सांगितले की जाहिरात मोबाइलवर पाहिली म्हणजे सायबर शाखेत जा. असे तीन वेळा झाले. प्रत्येक वेळी नवा अर्ज, नव्या झेरॉक्स, आणि पोच मागितली की साहेब नाहीत. ग्राहक म्हणून केलेली माझी तक्रार, माल परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली आहे या एका ओळीवर बंद झाली. ज्या वस्तूतील खोटेपणा उघड होण्यासाठी ती तीस जीबीपर्यंत भरावी लागते तिला सात दिवसांची मुदत कोणत्या न्यायाने लागू होते, या माझ्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिलेले नाही. कुरिअर कंपनीने पाठवणाऱ्याचा पत्ता गोपनीय असल्याचे कळवले. पैसे वसूल करून त्या चोरापर्यंत पोहोचवणारे हेच, आणि पत्ता मात्र गोपनीय. जाहिरातीतील संकेतस्थळ तोवर नाहीसे झालेले होते. या सगळ्यांना मी काही मोठे मागत नव्हतो. माझी तक्रार लिहून घ्या, एवढेच मागत होतो.

तरीही तक्रार करावीच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत, स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. विक्रेत्याचे नाव-पत्ता मात्र हाती असावे लागतात, म्हणून पार्सलवरचा कागद फाडून टाकू नका. माझ्याकडचा अर्धाच उरला आहे. ऑनलाइन पैसे भरले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. पार्सल उघडताना चित्रीकरण करा. आणि मूळ कार्ड किंवा डिस्क यांवर, गोंधळ लक्षात आल्याच्या क्षणापासून, काहीही नवीन लिहू नका. माझ्या एका कार्डावर नोव्हेंबरनंतर अर्धेच नवे चित्रीकरण झालेले होते, म्हणून फोटोरेक या मोफत साधनाने सुमारे दोन तासांचे जुने तुकडे परत आले. लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा स्वतःहून रिकामी करणारी डिस्क, असल्याने तिथे पुसलेले काही मिळाले नाही.

परत आलेल्या दोन तासांत त्या कलावंतांचे नाटक नाही. जानेवारी ते मार्च २०२४ या काळात तळकोकणातील जत्रांमध्ये ज्यांनी मोबाइलवर दशावताराचे, पाच मिनिटांचे का होईना, चित्रीकरण केले असेल त्यांनी ते कृपया पुसू नये आणि मला कळवावे. मी स्वतः येऊन, माझ्या हार्डडिस्कवर, तुमच्यासमोर शेवटच्या सेकंदापर्यंत चालवून पाहून घेऊन जाईन.