शुक्राणूंचा काउंट (संख्या) तपासायचा की थेट एन्झाइम?

आपल्या खानदेशात लग्नाला दोन वर्षं होऊन मूल झालं नाही की आधी सूनच डॉक्टरकडे जाते. तिची सोनोग्राफी होते, गर्भनलिकांची तपासणी होते, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, "पोराचंही एकदा पाहून घ्या." खरं तर त्याची तपासणी बिनसुईची. ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

ती म्हणजे साधी वीर्य तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे किमान पातळी अशी: मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हालचाल करणारे 42 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के. हे 4 वाचून पुष्कळांचं धाबं दणाणतं, पण तेवढं पुरतं. आकडा खाली आला म्हणजे मूल होणारच नाही, असंही नाही. एका रिपोर्टवर मात्र विसंबू नका, काही आठवड्यांनी दुसरा करा.

आता अ‍ॅक्रोसिन. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी पिशवी असते, त्यातलं हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन. अंड्याभोवतीचं कवच भेदायला ते उपयोगी पडतं. एका पद्धतीत शुक्राणू जिलेटिनच्या पातळ थरावर ठेवतात; एन्झाइम जोमदार असेल तर डोक्याभोवती जिलेटिन विरघळून गोल कडं उमटतं. बघायला सुंदर! पण त्यावरून निर्णय घेणं अवघड. 1994 मध्ये अ‍ॅक्रोसिन नसलेल्या उंदरांनाही पिल्लं झाली. 2020 मध्ये मात्र हे एन्झाइम नसलेले नर हॅमस्टर (उंदरासारखा छोटा प्राणी) वांझ निघाले. माणूस कोणाच्या बाजूला, हे एका चाचणीतून कसं ठरवणार?

म्हणून माझं मत: काउंट, हालचाल ठीक, बायकोचे रिपोर्ट ठीक, तरी आयव्हीएफमध्ये (अंडी आणि शुक्राणू लॅबमध्ये एकत्र ठेवतात त्या उपचारात) अंडी फळत नाहीत, तेव्हाच या एन्झाइम चाचणीचा विचार करा. आणि डॉक्टरांनी इक्सी ठरवलीच असेल तर पैसे वाचवा. तिथे सुईने शुक्राणू थेट अंड्यात सोडतात, कवच भेदायचा प्रश्नच उरत नाही.

काउंट शून्य आला तर गोष्ट वेगळी. तिथे वीर्यातलं अल्फा ग्लुकोसिडेज हे दुसरं एन्झाइम कामाचं. ते अंडकोषामागच्या एपिडिडायमिस नलिकेतून येतं. फार कमी निघालं तर पुढे वाट तुंबल्याचा संशय घेता येतो. सोबत हार्मोन तपासणी लागतेच.

चाचणी कोणतीही असो, रावेरहून डबीत नमुना घेऊन जळगाव गाठू नका. मे महिन्याच्या उन्हात तर मुळीच नाही. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, म्हणून तो तिथेच द्या, 2 ते 7 दिवसांचा संयम ठेवून. नुकताच डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर आधी सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे जुना ताप आजच्या रिपोर्टात डोकावतो.