टूथलेसची कैद: पहिल्या भागातली की दुसऱ्या?

वेंगुर्ल्यात पावसाची झड लागली की आमची भाचरं 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' हे ॲनिमेशन सिनेमे लावून बसतात आणि वाद ठरलेला, त्यातल्या टूथलेस ड्रॅगनचे जास्त हाल कुठे झाले. २०१० च्या पहिल्या भागात तो सरळसरळ बेड्यांत आहे, आपल्या दोस्ताला, हिकप नावाच्या पोराला वाचवायला आखाड्यात उडी घेतो आणि तिथेच पकडला जातो, मग हिकपचा बाप स्टॉइक त्याला जहाजावर साखळदंडाने जखडून नेतो, ड्रॅगनांच्या बेटाची वाट दाखवायला. दगा म्हणाल तर बापाचा, पोटच्या पोराला माझा नाहीस म्हणून मोकळा. पण तोच बाप शेवटी बुडी मारून टूथलेसला सोडवतो, हिशोब मिटतो.

२०१४ च्या दुसऱ्यात साखळीच नाही! खलनायक ड्रॅगोचा तो अजस्र ड्रॅगन, बिविल्डरबीस्ट, टूथलेसचं डोकंच ताब्यात घेतो, बुबुळं रेघेसारखी बारीक होतात, हिकप हाका मारतोय आणि हा ऐकतच नाही, हल्ला करतो आणि मधे आलेला स्टॉइक जिवानिशी जातो. शुद्धीवर आल्यावर बिचारा स्टॉइकजवळ नाक नेतो तर हिकपच त्याला हाकलतो. लोखंड तोडता येतं हो, हे कसं तोडणार? माझं मत दुसऱ्यालाच. फक्त अगदी लहान पोरांना आधी पहिलाच दाखवा, स्टॉइकचं जाणं त्यांना झेपत नाही.