इंची लेथवर मेट्रिक आटे: १२७/१०० च्या गिअर-जोडीचे परीक्षण

लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंची असलेल्या लेथवर मेट्रिक आटे पाडण्यासाठी १२७ आणि १०० दात्यांची जोडचाके विकत मिळतात. त्यांपैकी बिडाच्या, २० डीपीच्या (डायमेट्रल पिच, म्हणजे चाकाच्या पिच व्यासाच्या दर इंचामागे येणारे दाते) एका संचाचे हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: संच घेण्याजोगा आहे, मात्र तो अचूकतेसाठी घ्यावा असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याचा खरा फायदा हिशेबात आहे.

१९५९ च्या आंतरराष्ट्रीय यार्ड कराराने इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा ठरला. २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. शिवाय १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे ती लहान चाकांच्या कोणत्याही गुणाकारातून निघत नाही. इंचातून मिलिमीटरमध्ये तंतोतंत जायचे असेल, तर गिअरच्या साखळीत कुठेतरी १२७ दाते (किंवा त्याची पट) असलेच पाहिजेत.

लीड स्क्रूवर इंचाला आठ आटे असतील, म्हणजे एका आट्याला एक सूत, तर त्याची पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) ३.१७५ मिमी होते. स्टड (साखळीतले पहिले चाक ज्यावर बसते तो दांडा) स्पिंडलच्याच, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्याच, गतीने फिरतो असे धरू. स्टडवरच्या चाकाने १२७ ला फिरवावे, त्याच बुशवरच्या १०० ने लीड स्क्रूवरच्या चाकाला फिरवावे. लीड स्क्रूवर ५० दात्यांचे चाक कायम ठेवले, तर स्टडवर हव्या असलेल्या पिचच्या वीसपट दाते लावायचे, एवढाच नियम उरतो. १ मिमीला २०, १.२५ ला २५, १.५ ला ३०, १.७५ ला ३५, २ मिमीला ४०. पाच-पाच दात्यांच्या अंतराने चाके असलेल्या नेहमीच्या संचात ही सगळी सापडतात आणि एम ६ पासून एम १६ पर्यंतची (६ ते १६ मिमी व्यासाची) नेहमीच्या जाड आट्यांची कामे एकच चाक बदलून उरकतात. तक्ता भिंतीवर लावण्याचीही गरज राहत नाही. लीड स्क्रू वेगळा असेल तर हा वीसचा आकडा अर्थातच बदलेल.

आता प्रत्यक्ष चाकांविषयी. दात्यांचे पृष्ठभाग स्वच्छ आहेत, कडांवरचा बर काढलेला आहे आणि दोन्ही चाके एका बुशवर पिनने जोडलेली असल्यामुळे गरज पडल्यास वेगळी करता येतात. चावीची खाच मात्र इतकी घट्ट होती की कानस फिरवल्याशिवाय चावी बसली नाही. मोठे चाक बोअरशी किंचित विकेंद्रित आहे. फेऱ्यात एका जागी दाते घट्ट भिडतात, समोरच्या बाजूला सैल पडतात, आणि तेवढीच घरघर ऐकू येते. याचा आट्यांवर काय परिणाम होतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे. दोन्ही चाकांत ०.१ मिमी रनआउट (फिरताना कडेचे होणारे एकूण हलणे) धरला, तरी जोडीच्या एका फेऱ्यात कॅरेज (टूल वाहून नेणारा भाग) ६.३५ मिमी सरकत असल्याने त्यातून पिचमध्ये येणारी चढउतार एक-दीड मायक्रॉनच्या आसपासच राहते. म्हणून या दोषाला मी आवाजापुरताच दोष मानतो. दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून सर्वांत घट्ट जागी अंतर लावले की आवाजही बराच उतरतो.

खरी अडचण आकाराची आहे. २० डीपीच्या १२७ दात्यांच्या चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ १६४ मिमी भरतो. १६ डीपी असेल तर तोच २०५ च्या घरात जातो. लहान लेथवर हे चाक गिअरच्या झाकणाला घासते किंवा क्वाड्रंटच्या (मधली चाके धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेत हवे तिथे बसतच नाही. मागणी नोंदवण्यापूर्वी पुठ्ठ्याची चकती कापून ती जागेवर फिरवून पाहावी. झाकण उघडे ठेवून काम करण्याचा मोह या चाकामुळे होतो आणि तो टाळलाच पाहिजे. दुसरे म्हणजे विक्रेत्याच्या माहितीत डीपी दिलेला होता, पण प्रेशर अँगल (दात्याच्या बाजूचा कल ठरवणारा कोन) दिलेला नव्हता. जुन्या लेथवर तो बहुधा साडेचौदा अंशांचा असतो, नव्या चाकांवर वीसचा. डीपी एकच असला तरी ही दोन घराणी एकमेकांशी नीट जुळत नाहीत, तेव्हा हे लेखी विचारून घ्यावे.

सोबतच्या पत्रकात हाफ नटविषयी (लीड स्क्रूला पकडून कॅरेज चालवणारा, सोडता-लावता येणारा नट) अवाक्षर नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना थ्रेडिंग डायल (हाफ नट पुन्हा कधी लावायचा हे दाखवणारी तबकडी) उपयोगी पडत नाही. १.५ मिमीचा आटा आणि लीड स्क्रू यांचा मेळ थेट १९०.५ मिमीनंतर, म्हणजे १२७ आट्यांनी, पुन्हा बसतो. मधे हाफ नट सोडून अंदाजाने पुन्हा लावला की जॉब बिघडलाच समजावे. आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट लावलेलाच ठेवायचा, कटाच्या शेवटी टूल बाहेर घेऊन मोटर उलटी फिरवून मागे यायचे, आणि सुरुवातीच्या जागेच्याही थोडे मागे जाऊन बॅकलॅश (चाके आणि स्क्रू यांमधली ढिलाई) काढून टाकल्यावरच पुढचा कट द्यायचा. चक स्पिंडलवर आट्यांनी बसणारा असेल, तर उलट फिरवताना तो सैल होऊन सुटण्याचा धोका असतो, म्हणून वेग अगदी कमी हवा. नवशिक्या ग्राहकाला चाकांपेक्षा या माहितीची गरज अधिक असते.

आता पर्यायाचा विचार. १२७/१०० च्या जागी ८०/६३ वापरले तर गुणोत्तर १.२७ ऐवजी १.२६९८४ येते. फरक शेकडा ०.०१२५, म्हणजे १०० मिमी लांबीत साडेबारा मायक्रॉन. एम १० च्या नटाच्या सुमारे आठ मिमी उंचीत तो एका मायक्रॉनवर येतो. झिजलेल्या लीड स्क्रूची स्वतःची चूक याहून सहज मोठी असते. ६३ दात्यांचे चाक व्यासानेही निम्मे असते आणि झाकणाखाली मावते. एम ८ चा १.२५ मिमीचा आटा इंचाला वीस आट्यांच्या, म्हणजे १.२७ च्या, जवळपास आहे म्हणून चालवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे दर आट्याला ०.०२ मिमीची चूक साचते आणि नट काही फेऱ्यांनी अडकतो. ६३ ची तडजोड त्या जातीची नव्हे. जागा नसेल त्याने ती निःशंक करावी. लांब मेट्रिक स्क्रू पाडायचे असतील किंवा दर वेळी चार चाकांचा हिशेब मांडण्याचा कंटाळा असेल, त्याने १२७ घ्यावे.

घेताना २४ आणि २८ दात्यांची दोन सुटी चाकेही मागवावीत. एम ५ चा ०.८ मिमीचा आटा आणि एम ४ चा ०.७ चा आटा वीसपटीच्या नियमात १६ आणि १४ दाते मागतात, जे सहसा संचात नसतात. ०.८ साठी २४ आणि ७५ ची जोडी चालते, ०.७ साठी २८ आणि आणखी एक १०० चे चाक लागते. एवढ्या बारीक आट्यांसाठी अनेक जण डायच (बाहेरचे आटे थेट कापणारे हत्यार) वापरतात, आणि खोलीतल्या किंवा पातळ भिंतीच्या जॉबवरचे आटे सोडले तर त्यात काही वावगे नाही.